दरड थोपवणे आणि घसरलेला उतार दुरुस्त करणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरड सरकली की पहिली मागणी भिंतीची होते. पाण्याचा प्रश्न त्यानंतर येतो, कधी कधी येतही नाही. खालच्या उत्तरांमध्ये हा क्रम मुद्दाम उलटा ठेवला आहे. यातली आकडेमोड ढोबळ आहे, कल्पना यावी एवढ्यासाठी. ती वाचून कोणी बांधकाम सुरू करू नये.

उतार इतकी वर्षे उभा असतो, मग एकाएकी का सरकतो?

एकाएकी फार क्वचित सरकतो. उताराच्या मातीला खाली ओढणारे बल असते ते तिच्या स्वतःच्या वजनाचे, आणि धरून ठेवणारे बल असते मातीच्या आतल्या घर्षणाचे व चिकटपणाचे. धरणाऱ्या बलाला ओढणाऱ्या बलाने भागले की सुरक्षा गुणक मिळतो. तो 1 झाला की उतार हलतो. कायमस्वरूपी कामासाठी साधारण 1.3 ते 1.5 गुणक मागितला जातो.

बरेच नैसर्गिक उतार मुळात 1.1 किंवा 1.2 वर तग धरून असतात. त्यात कोणी पायथा कापून रस्ता काढतो, कोणी माथ्यावर भराव टाकतो, कुठे सांडपाणी उतारात मुरत राहते. मग मुसळधार पाऊस येतो आणि दोष त्याच्यावर जातो. पाऊस खरा, पण तो शेवटचा धक्का असतो.

पायथ्याला मजबूत भिंत बांधली तर काम भागेल का?

उथळ, लहान घसरणीत भागू शकते. बाकी ठिकाणी हिशेब करून बघावा.

समजा, 20 अंशांचा लांब उतार आहे. ज्या पातळीवरून माती सरकते ते घसरपृष्ठ 5 मीटर खोल आहे. मातीचा घर्षणकोन (आतल्या घर्षणाचे माप) 28 अंश, चिकटपणा नगण्य, वजन घनमीटरला 1.9 टन. घसरपृष्ठाच्या वर पाणी नसेल तर गुणक सुमारे 1.46 येतो. भूजल वर चढत जमिनीखाली 2 मीटरपर्यंत आले की तोच गुणक 1.0 होतो. पाणी थेट पृष्ठभागाला टेकले तर 0.7, म्हणजे उतार केव्हाच खाली गेलेला असेल.

आता हा सरकणारा पट्टा उतारावर 60 मीटर लांब आहे असे धरू. 1.0 वरून 1.23 वर जायचे तर दर मीटर रुंदीला सुमारे 40 टन जादा बल लागते. 3 मीटर उंचीची नेहमीची संरक्षक भिंत तिच्यामागच्या भरावाच्या दाबासाठी काढलेली असते, आणि तो दाब मीटरला साधारण 3 ते 5 टन असतो. आकडे समोरासमोर ठेवले की भिंत का उलथते किंवा पायासकट पुढे का सरकते, हे वेगळे सांगावे लागत नाही. शिवाय घसरपृष्ठ भिंतीच्या पायाखालून जात असेल तर भिंत कितीही जाड असो, ती सरकणाऱ्या मातीवर बसून प्रवास करते. उलट भूजल फक्त दीड मीटरने उतरवले, तर गुणक 1.0 वरून तोच 1.23 होतो आणि त्यासाठी भिंत लागतच नाही.

दरड हलू लागली आहे. पहिल्या काही दिवसांत काय करावे?

खालच्या वस्तीतली माणसे हलवावीत, रस्ता बंद करावा. त्यानंतरची कामे साधी आहेत. माथ्याच्या वरून येणारे पाणी चर खणून बाजूला वळवायचे. उतारावरची किंवा माथ्यावरची पाण्याची लाईन, टाकी, सेप्टिक टँक बंद करायचे. फुटलेली पाईपलाईन हे दरडीचे कारण असू शकते. भेगा चिकणमातीने ठोकून बुजवायच्या आणि त्यांवर ताडपत्री अंथरायची, कारण भेगेत भरलेले पाणी सरळ आत दाब देते. भेगांच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून त्यांच्यातले अंतर रोज ठरलेल्या वेळी मोजायचे. टेप आणि वही पुरते.

करू नये अशी गोष्ट एकच, आणि नेमकी तीच सर्रास होते: पायथ्याला आलेला ढिगारा घाईघाईने उचलणे. तो ढिगारा त्या क्षणी उताराला टेकू देत असतो. वाहतूक सुरू करण्याच्या दबावाखाली पोकलेन लागतो, टेकू निघतो आणि वरचा उरलेला भाग खाली येतो, बहुधा त्या यंत्रावरच. उचलणे अटळ असेल तर आधी वरचा सुटा भाग मोकळा करावा, वर नजर ठेवायला माणूस असावा, आणि खालून छोट्या छोट्या टप्प्यांतच माल काढावा.

तपासणीत नेमके काय शोधायचे असते?

दोन गोष्टी: घसरपृष्ठ किती खोल आहे, आणि पाण्याचा दाब किती व कुठे आहे. बाकीची माहिती या दोन्हींना धरून येते.

घसरपृष्ठासाठी बोअरहोल घेतात आणि त्यात इनक्लिनोमीटरची केसिंग बसवतात. ही आतून खाचा असलेली नळी असते. खाचांमधून चाकांचा प्रोब खाली सोडून दर अर्ध्या मीटरवर नळीचा कल मोजतात. काही आठवड्यांनी पुन्हा मोजले की आलेख एका खोलीवर मोडलेला दिसतो. त्याच्या खाली हालचाल शून्य, वर सगळे एकजात पुढे गेलेले. ती खोली म्हणजे घसरपृष्ठ. नळी स्थिर थरात काही मीटर खोल गेलेली नसेल तर सगळेच वाचन फसते, कारण नळीचा तळच हलत असतो. बोअरिंगचे पैसे वाचवण्याच्या नादात ही चूक फार होते.

पाण्यासाठी पिझोमीटर. तो नुसत्या विहिरीसारखा उघडा ठेवून चालत नाही. ठरावीक खोलीवरचाच दाब मोजेल असा सीलबंद लागतो, कारण एकाच बोअरमध्ये दोन थरांचे पाणी दोन वेगळ्या पातळ्यांवर असू शकते. निदान एक पावसाळा वाचन घ्यावे. उन्हाळ्यातल्या कोरड्या वाचनावर बेतलेले डिझाइन पहिल्या मोठ्या पावसात उघडे पडते.

मातीच्या ताकदीसाठी प्रयोगशाळा आहेच, पण घसरलेला उतार स्वतःच मोठी चाचणी असतो. तो घसरला त्या क्षणी गुणक 1 होता, हे नक्की. तेवढे धरून उलट हिशेब केला की घसरपृष्ठावरची ताकद मिळते. चिकणमातीत आधी घसरून गेलेल्या पृष्ठावर कण एका दिशेला आडवे बसतात आणि घर्षणकोन 10-15 अंशांपर्यंत, कधी त्याहूनही खाली येतो. न घसरलेल्या मातीच्या नमुन्याची ताकद तिथे वापरणे म्हणजे स्वतःची फसवणूक.

पाणी बाहेर कसे काढतात?

पृष्ठभागावरचे पाणी आत जाऊ न देणे ही पहिली पायरी. माथ्याच्या वर, भेगांपासून बऱ्यापैकी मागे, अस्तर केलेला चर आणि तिथून पायऱ्यापायऱ्यांचे गटार. हलत्या उतारावर काँक्रीटचे गटार तडकते आणि मग ते पाणी बाहेर नेण्याऐवजी नेमक्या वाईट जागी आत सोडते. तिथे लवचीक अस्तर बरे.

आतल्या पाण्यासाठी उथळ घसरणीत उताराच्या दिशेने 3 ते 5 मीटर खोल चर खणून, जिओटेक्स्टाईल (पाणी सोडणारे, माती अडवणारे कापड) अंथरून, त्यात स्वच्छ खडी भरतात. चराचा तळ घसरपृष्ठाच्या खाली गेला तर खडी मातीला थोडा खिळा मारल्यासारखे धरूनही ठेवते.

त्याहून खोल पाण्यासाठी आडवे निचरा-पाईप. नाव आडवे असले तरी ते 2 ते 5 अंश वर चढते ड्रिल करतात, म्हणजे पाणी आपल्या वजनाने बाहेर येते. सुमारे 50 मिलिमीटर व्यासाचा, बारीक चिरा पाडलेला पीव्हीसी पाईप, लांबी 30 ते 100 मीटर. तोंडाजवळचे शेवटचे काही मीटर मात्र बिनचिरांचे ठेवतात. नाहीतर आतून आणलेले पाणी तोंडाशी पुन्हा मातीत मुरते आणि झाडांची मुळे पाईपात शिरतात.

इथे एक गैरसमज पक्का बसलेला आहे. पाईपातून धार येत नाही म्हणून काम फसले, असे लोक समजतात. चिकणमातीत पाईप थेंबथेंब गळतो किंवा नुसता ओला असतो, तरी दाब उतरत असतो. तसेच सुरुवातीची धार काही महिन्यांनी मंदावली तर पाणीच उतरले असेल, किंवा पाईप तुंबला असेल. कोणते, ते पिझोमीटर सांगतो. धार बघून निकाल देऊ नये.

फार मोठ्या दरडीत निचऱ्याचा बोगदा काढावा लागतो. स्वित्झर्लंडमधल्या काम्पो व्हालेमाज्जाची दरड सुमारे 80 कोटी घनमीटरची, काही ठिकाणी 300 मीटरपर्यंत खोल, आणि तिच्या पाठीवर वस्ती. नदी पायथा खाते म्हणून दरड हलते की आतल्या पाण्याच्या दाबाने, यावर दीर्घकाळ वाद चालला. 1990 च्या दशकात दरडीखालच्या स्थिर खडकात सुमारे 1.8 किलोमीटरचा बोगदा काढून तिथून वर निचऱ्याची भोके पाडली. दाब उतरला आणि हालचाल जवळपास थांबली. इतके मोठे वस्तुमान कोणत्याही भिंतीने वा पाईलने (जमिनीत खोल रोवलेल्या खांबाने) अडले नसते.

माथा हलका करा, पायथा जड करा, हा नियम नेहमी लागू पडतो का?

वक्र घसरपृष्ठ असलेल्या दरडीत सहसा पडतो. माथ्याकडची माती ओढते, पायथ्याकडची धरते. म्हणून वरून काढून खाली टाकली की दुहेरी फायदा. माथ्यावर रस्ता असेल तर माती काढून तिच्या जागी थर्मोकोलचे ठोकळे भरतात. घनमीटरला माती सुमारे 1900 किलो, ठोकळे साधारण 20 किलो. मात्र ते पेट्रोल-डिझेलने विरघळतात आणि पाण्यात तरंगतात, त्यामुळे वर काँक्रीटचा थर आणि खाली निचरा लागतोच.

नियम फसतो तो लांब, सपाट घसरपृष्ठाच्या दरडीत: माथा किती कापणार? कापलेल्या जागेच्या वरचा उतार उघडा पडून नवी दरड सुरू होते. पायथ्याला टाकलेला भराव खालच्या दुसऱ्या, सुप्त दरडीचा माथा ठरू शकतो, हेही तपासावे लागते. आणि काही मातींत जराशी हालचालही महागात पडते. नॉर्वेतल्या रिसा इथे 29 एप्रिल 1978 रोजी गोठ्याच्या वाढीव बांधकामासाठी खणलेली सुमारे 700 घनमीटर माती तळ्याच्या काठावर टाकली होती. खालची चिकणमाती अशी, की घुसळली गेली की पातळ होते. काठ बसला, घसरण मागे मागे खात गेली आणि 50 ते 60 लाख घनमीटर जमीन तळ्यात वाहून गेली. अशा मातीत चुना-सिमेंट मिसळून उभे स्तंभ तयार करतात, तेही अत्यंत जपून.

भराव झऱ्यावर टाकू नये, हे सांगण्याची खरे तर गरज नसावी. वेल्समधल्या अ‍ॅबरफान इथे खाणीचा टाकाऊ माल झऱ्यांवर रचला होता. 21 ऑक्टोबर 1966 रोजी तो ओघळला आणि 144 माणसे दगावली, त्यांत 116 मुले होती.

घसरलेली माती काढून तीच पुन्हा भरली तर?

चालते, जर ती थराथराने दाबून भरली तर. सरकलेली सगळी माती घसरपृष्ठाच्या खालपर्यंत काढायची, स्थिर जमिनीला पायऱ्या पाडायच्या, मागे आणि तळाला निचऱ्याचा थर द्यायचा, मग 20-30 सेंटिमीटरच्या थरांत रोलरने दाबत वर यायचे. उतार उभा ठेवायचा असेल तर थरांमध्ये जिओग्रिड, म्हणजे मातीला धरणारी मजबूत जाळी. पायऱ्या न पाडता जुन्या उतारावर माती ओतली की जुन्या-नव्याच्या सांध्यावरून ती पुन्हा निसटते.

सैल भरावाची किंमत हाँगकाँगने मोजली. 18 जून 1972 रोजी साऊ माऊ पिंगचा भराव कोसळून 71 जण गेले. 1976 मध्ये त्याच भागात पुन्हा 18. त्यानंतर जुन्या भरावांचा वरचा निदान 3 मीटर थर काढून नीट दाबून भरण्याची शिफारस झाली आणि 1977 मध्ये उतारांवर देखरेख ठेवणारे स्वतंत्र सरकारी कार्यालय उभे राहिले.

सॉइल नेल आणि अँकर, दोन्ही सळयाच ना?

दिसायला सारखे, कामाला वेगळे. सॉइल नेलसाठी साधारण 100 ते 150 मिलिमीटरचे भोक 10-20 अंश खाली तिरके पाडतात, त्यात 25-32 मिलिमीटरची सळई घालून पूर्ण लांबीभर सिमेंट ग्राउट (सिमेंटचे पातळ मिश्रण) भरतात. ती आधी ताणलेली नसते; माती थोडी हलली की सळई ताण घेते. म्हणून नेल जवळजवळ अंतरावर, साधारण दीड-दोन मीटरवर जाळ्यासारखे मारतात.

अँकरमध्ये फक्त टोकाकडचा भाग स्थिर खडकात ग्राउटने धरलेला असतो. मधला भाग मोकळा ठेवून जॅकने ताणतात आणि डोक्याला कुलूप लावतात. उतार हलण्याआधीच त्याच्यावर दाब असतो. एका अँकरवर नेलपेक्षा कितीतरी जास्त भार येत असल्याने तो गंजून तुटला तर शेजाऱ्यावर ओझे जाते; म्हणून दुहेरी गंजसंरक्षण, प्रत्येक अँकरची ताण-चाचणी आणि काहींवर कायमचे लोड सेल (भार मोजणारी उपकरणे) हवेत. कोणताही प्रकार घ्या, सळई घसरपृष्ठाच्या पलीकडे पुरेशी गेली नसेल तर ती दरडीबरोबर खाली येते.

पाईल मारून दरड खिळवता येते का?

येते. मोठ्या व्यासाचे काँक्रीट पाईल एका रांगेत, व्यासाच्या साधारण 2 ते 4 पट अंतरावर. दोन पाईलमध्ये माती कमानीसारखी अडते, त्यामुळे सलग भिंत लागत नाही. पाईलची बरीचशी लांबी, कित्येकदा एक तृतीयांश ते निम्मी, स्थिर थरात रुतलेली हवी. घसरपृष्ठ जसजसे खोल तसतसे पाईलमधले वाकण झपाट्याने वाढते. खोल दरडीत म्हणूनच पाईलच्या डोक्याला अँकर जोडतात, किंवा हा विचारच सोडून निचऱ्याकडे वळतात.

झाडे लावली तर दरड थांबते का?

वरची माती थांबते. बहुतेक झाडांची काम करणारी मुळे पहिल्या एक-दोन मीटरांत असतात. खस गवताची मुळे 3 मीटरपर्यंत जातात. धूप, ओघळ आणि उथळ घसरण यांवर हा स्वस्त आणि चांगला उपाय आहे. 8 मीटर खोल सरकणाऱ्या दरडीवर झाडे फक्त तिरकी होतात. आणि उतारावरची झाडे तोडली तर मुळे कुजून त्यांची पकड काही वर्षांनी जाते, तेव्हा परिणाम उशिरा दिसतो.

सगळ्या उतारावर शॉटक्रीट (दाबाने फवारलेले काँक्रीट) मारून टाकले तर?

पाणी आत कोंडून वर झाकण घातल्यासारखे होते. जाळी, मागे निचऱ्याच्या पट्ट्या आणि वाहती वीप होल (पाणी बाहेर पडायची भोके) असतील तर ठीक. नाहीतर आतल्या दाबाने थर फुगतो आणि पापुद्र्यासारखा सुटतो.

खडकाच्या कड्यावरून दगड पडतात. तिथे हेच उपाय चालतील?

नाही. तिथे माती सरकत नाही. भेगांनी सुटे झालेले ठोकळे निसटतात. आधी सुटे दगड सळईने उकलून पाडायचे, मग मोठे ठोकळे रॉक बोल्टने (खडकात रोवलेल्या सळयांनी) बांधायचे, लहान दगडांसाठी पोलादी जाळी. पडणारे थांबवता येत नसेल तर पडलेले अडवायचे: पायथ्याला रुंद खड्डा, किंवा ऊर्जा शोषणारे लवचीक कुंपण. चांगली कुंपणे हजारो किलोज्यूलची धडक झेलतात. त्यामागे साठलेले दगड उपसले नाहीत तर पुढच्या दगडासाठी तयार उतरण होते.

ओढ्यातून येणारा चिखल-दगडांचा लोंढा हा आणखी निराळा प्रकार. त्याला अडवण्यासाठी ओढ्यात बंधारे किंवा रिंगांची जाळी बांधतात, जी दगड धरते आणि पाणी सोडते.

दुरुस्त केलेला उतार किती वर्षे टिकतो?

देखभाल होते तितकी. निचरा-पाईप लोहयुक्त गाळ, चुनखडीचे थर आणि मुळांनी तुंबतात. ठरावीक काळाने पाण्याच्या जेटने धुवावे लागतात. चरांतला पाला पावसाआधी निघायला हवा. इनक्लिनोमीटर आणि पिझोमीटर काम संपल्यावरही वाचत राहावे. काम देताना बांधकामाची रक्कम मंजूर होते आणि देखभालीचा रकाना रिकामा राहतो, हा या क्षेत्रातला जुना रोग आहे.

कोणतीही दरड थांबवता येते का?

नाही. इटलीतल्या वायोंत धरणाच्या जलाशयावरचा डोंगर तीन वर्षे हळूहळू हलत होता. जलाशयाची पातळी वर-खाली करून वेग ताब्यात ठेवता येईल, असा होरा होता. शेवटच्या दिवसांत वेग दिवसाला 20 सेंटिमीटरवर गेला आणि 9 ऑक्टोबर 1963 च्या रात्री सुमारे 27 कोटी घनमीटर डोंगर जलाशयात कोसळला. धरण उभे राहिले, पण त्यावरून उसळलेल्या लाटेने सुमारे 2000 माणसे नेली. अशा ठिकाणी रस्ता बोगद्यातून किंवा पुलावरून वळवणे, वस्ती हलवणे आणि वेगावर नजर ठेवणारी इशारा-यंत्रणा हेच खरे पर्याय. वस्ती हलवणे कोणालाच आवडत नाही, पण ते उपाययोजनेतच मोजावे.

आमच्याकडे उपायांचा अहवाल आला आहे. त्यात काय पाहावे?

उताराचा उभा छेद आहे का, त्यात घसरपृष्ठ आणि पावसाळ्यातली भूजल पातळी दाखवली आहे का, आणि ती मोजून काढली आहे की अंदाजाने. दुरुस्तीआधीचा गुणक 1 च्या आसपास येतो का. हलणाऱ्या दरडीचा गुणक 1.3 दाखवला असेल तर गृहीतके चुकली आहेत. भूकंपाचा हिशेब वेगळा केला आहे का. आणि शेवटी, काम चालू असतानाचा गुणक दिला आहे का. पाया खणताना, माती काढताना उतार सर्वांत दुबळा असतो. त्या टप्प्यासाठी किती लांबीचा तुकडा एका वेळी उघडायचा, तो भरून झाल्याशिवाय शेजारचा उघडायचा नाही, आणि हालचाल किती झाली की काम थांबवायचे, हे आकड्यांत लिहिलेले असावे.